एक सर्व्हर, तीन एफटीपी साइट्स आणि दिवाळी अंकाचे अडकलेले फर्मे

पुण्यातल्या एका छापखान्याच्या फाइल सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. वर्षभर तिथे पुस्तकं आणि मासिकं छापली जातात, आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंकांची गर्दी सुरू होते. पानं पीडीएफ होऊन येतात, सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) प्लेटा निघतात, सोळा पानांचा फर्मा मशीनवर चढतो. जाहिरातींची पानं धरली तर एका रंगीत अंकाच्या फायली दोन-तीन जीबी सहज भरतात. ईमेलवर ते भागत नाही, आणि लेखकांचा अप्रकाशित मजकूर फुकटच्या शेअरिंग सेवांवर ठेवायला प्रेसच्या मालकांची तयारी नाही. म्हणून स्वतःचा एफटीपी सर्व्हर. एफटीपी ही इंटरनेटवरून फायलींची ने-आण करण्याची जुनी पद्धत.

प्रकरण पितृपक्षातलं. घटस्थापनेच्या आत पहिले फर्मे मशीनवर चढले नाहीत तर बाइंडिंगचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, हे प्रेसमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अशा वेळी सोमवारी रात्री मालकांचा फोन आला. "अहो, एफटीपी बंद पडलंय. चार अंकांची पानं अडकली आहेत. तेवढं लगेच बघा."

एफटीपी बंद पडलेलं नव्हतं. एकाच सर्व्हरवरच्या तीन साइट्सपैकी एक ठणठणीत होती, दुसरीत एकाखाली एक तीन दोष दडलेले होते आणि तिसरीचं दुखणं पूर्ण वेगळं होतं. ते सगळं फोनवर "बंद पडलंय" या दोन शब्दांत येऊन पोचलं.

मांडणी

सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर आयआयएस (मायक्रोसॉफ्टचं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) आणि त्यातली एफटीपी सेवा. आतला पत्ता १९२.१६८.१.१०. बाहेर इंटरनेटच्या बाजूला एक स्थिर पत्ता, मध्ये राउटर.

पहिली साइट 'पुस्तकं'. जुनी, पोर्ट २१ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक असलेलं दार), होस्टनेमचा, म्हणजे साइटच्या नावाचा, रकाना रिकामा, एन्क्रिप्शन नाही. दुसरी 'दिवाळी', ऑगस्टमध्ये नवी उघडलेली. हीसुद्धा पोर्ट २१ वरच, पण तिला स्वतंत्र होस्टनेम दिलेलं. तिसरी 'जाहिरात', पोर्ट २१२१ वर, आणि टीएलएस (संभाषण एन्क्रिप्ट करणारी पद्धत) सक्तीचं, कारण एका जाहिरात एजन्सीची ती अट होती.

या दोन नव्या साइट्स प्रेसमधल्या सिस्टिम सांभाळणाऱ्या मुलाने उभ्या केल्या. मला फोनवर विचारलं होतं आणि मी फोनवरच होकार दिला होता. जाऊन पाहिलं नव्हतं. तिन्ही साइट्स सुरू झाल्या, आयआयएसने कसलीही तक्रार केली नाही. ती करणारही नव्हती. पत्ता, पोर्ट आणि होस्टनेम या तिघांची जोडणी प्रत्येक साइटची वेगळी असली की आयआयएसचं समाधान होतं. दोन साइट्सची जोडणी अगदी सारखी असती तर दुसरी सुरूच झाली नसती आणि घोळ ऑगस्टमध्येच कळला असता.

मी पोचलो तोवर त्या मुलाने सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला होता आणि चारही संपादकांचे पासवर्ड दोनदा बदलले होते. आता कोणाकडे कोणता पासवर्ड आहे हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. घाबरलेल्या माणसाकडून हे होतं, त्याला मी दोष देत नाही. पण पासवर्ड बदलणं ही तपासणी नाही. त्याने खुणा पुसल्या जातात.

कनेक्शन कोणत्या साइटवर पोचलं?

"सर, संपादकबाईंचं कनेक्शन आपल्यापर्यंत येतच नाहीये," तो म्हणाला. "मी लॉग बघितला. नऊ दहाला त्यांनी प्रयत्न केला, नऊ दहाची एकही ओळ नाही. इंटरनेटवाल्यांचाच प्रॉब्लेम आहे."

लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची सर्व्हरची नोंद, त्याने खरंच पाहिला होता. फक्त दोन गोष्टी चुकल्या होत्या. आयआयएसचा लॉग जागतिक प्रमाणवेळेत लिहिला जातो, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. रात्रीचे ९ वाजून १० मिनिटं तिथे १५:४० असतात. आणि पहाटे पाचची घटना शोधायची तर आदल्या दिवसाची फाइल उघडावी लागते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. प्रत्येक एफटीपी साइटच्या लॉगचं फोल्डर वेगळं असतं आणि त्याच्या नावाच्या शेवटी साइटचा क्रमांक असतो. हा मुलगा 'दिवाळी'च्या, म्हणजे क्रमांक २ च्या फोल्डरमध्ये शोधत होता. मी क्रमांक १ चं फोल्डर उघडलं आणि १५:४० ला संपादकबाईंचं लॉगिन नाव तिथे दिसलं. 'पुस्तकं'च्या लॉगमध्ये. समोर ५३०, म्हणजे लॉगिन नाकारल्याचं उत्तर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

त्या ओळीत आणखी एक माहिती होती. पासवर्ड चुकला की लॉगमध्ये विंडोजचा १३२६ हा त्रुटिक्रमांक उमटतो. तो तिथे नव्हता. बाईंचा पासवर्ड सर्व्हरला मान्य होता, कारण खाती विंडोजची आहेत आणि ती सगळ्या सर्व्हरला सामाईक असतात. पण 'पुस्तकं' साइटच्या परवानगीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून दारातूनच परत पाठवलं. बाहेर त्यांना दिसलं ते एवढंच: "५३० युजर कॅनॉट लॉग इन." हे वाचून कोणीही पासवर्डच पुन्हा टाकेल. त्यांनी तीनदा टाकला.

दिवाळीचं नाव टाइप करून बाई पुस्तकांच्या दारात कशा पोचल्या? इथे एफटीपीचं वय आड येतं. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ चा आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. आज आपण जो वापरतो तो आरएफसी ९५९, ऑक्टोबर १९८५ चा. दोन्ही वेळी एका यंत्रावर एकच एफटीपी सेवा असणार हे गृहीत होतं. ब्राउझर वेबसाइट मागतो तेव्हा विनंतीतच साइटचं नाव पाठवतो, त्यामुळे एका पत्त्यावर शंभर वेबसाइट्स नांदतात. एफटीपी क्लायंट, म्हणजे फायली पाठवणाऱ्याच्या संगणकावरचा प्रोग्राम, मात्र नावाचं रूपांतर आकडी पत्त्यात करतो, त्या पत्त्याचं दार वाजवतो, आणि कोणत्या नावाने आलो हे आत सांगतच नाही. वाड्याचा पत्ता बरोबर, पण बिऱ्हाड कोणाचं ते सांगितलेलं नाही. मग ज्या बिऱ्हाडाच्या दारावर पाटी नाही तिथे पोस्टमन पत्र टाकतो. होस्टनेम रिकामं असलेली 'पुस्तकं' साइट म्हणजे ते पाटी नसलेलं दार.

यावर उपाय म्हणून एफटीपीत 'होस्ट' नावाची आज्ञा आली. तिचं प्रमाणीकरण मार्च २०१४ मध्ये आरएफसी ७१५१ ने झालं. आयआयएसला ती समजते. पण क्लायंटने पाठवली तर. त्या रात्री प्रेसमधल्या संगणकांवरचे तीन क्लायंट मी एकामागून एक चालवले आणि त्यांच्या संदेशांच्या खिडकीत पाहिलं. तिघांपैकी एकानेही 'होस्ट' पाठवली नाही.

मग हाताने पाठवून पाहिली. विंडोजची कमांड लाइनवरची जुनी एफटीपी आज्ञा 'वजा एन' या पर्यायासह चालवली की ती आपणहून लॉगिन विचारत नाही. 'कोट' लिहून पुढे 'होस्ट' आणि दिवाळी साइटचं नाव दिलं, नंतर युजर, नंतर पासवर्ड. या खेपेला ओळ क्रमांक २ च्या लॉगमध्ये उमटली. निदान पक्कं झालं.

ज्या क्लायंटला 'होस्ट' येत नाही त्याच्यासाठी आयआयएसने एक वाट ठेवली आहे: लॉगिन नावाच्या आधी होस्टनेम लिहायचं, मध्ये उभी रेघ द्यायची. रात्री साडेअकराला चार संपादकांना फोन करून आम्ही ती रेघ कीबोर्डवर कुठे असते ते सांगितलं. एंटरच्या वर, शिफ्ट दाबून. एक संपादक सत्तरीचे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि पहिल्याच फटक्यात बरोबर टाइप केलं.

आणि पुन्हा ५३० आला.

तोच आकडा, वेगळी ओळ

सगळ्यांनी हाय खाल्ली, पण मला हायसं वाटलं. आकडा तोच होता, पुढचे शब्द बदलले होते: "युजर कॅनॉट लॉग इन, होम डिरेक्टरी इनअ‍ॅक्सेसिबल." म्हणजे आता आपण योग्य साइटवर आहोत, ओळखही पटली आहे, फक्त बसायला जागा नाही.

फोनवर लोक आकडाच सांगतात. "पाचशे तीस येतोय." त्यांना मी नेहमी विचारतो, पुढे काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाचा. या एका प्रकरणात ५३० ने तीन वेगवेगळी कारणं सांगितली. 'पुस्तकं'लाही होस्टनेम दिलं असतं तर चौथा ५३० मिळाला असता: "व्हॅलिड होस्टनेम इज एक्स्पेक्टेड."

'दिवाळी' साइटवर प्रत्येक संपादकाला फक्त स्वतःचं फोल्डर दिसावं अशी सोय चालू केली होती. ती योग्यच होती. एका अंकाच्या संपादकाला दुसऱ्याचं मुखपृष्ठ आधी दिसलं तर अनर्थ होईल. पण ही सोय चालू केली की आयआयएस फोल्डर ठरावीक जागी शोधतं. साइटच्या मुळाशी 'लोकलयुजर' नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत लॉगिन नावाशी तंतोतंत जुळणारी फोल्डरं. प्रेसमधल्या त्या मुलाने चार फोल्डरं थेट मुळाशी केली होती, आणि त्यांना लॉगिन नावांऐवजी अंकांची नावं दिली होती. दहा मिनिटांचं काम. फोल्डरं हलवली, नावं जुळवली, लिहिण्याची परवानगी दिली.

तीन संपादक आत आले. चौथ्याला पुन्हा ५३०.

हे दूरून कळेना. आयआयएसची एफटीपी सेवा सविस्तर कारण फक्त सर्व्हरवरूनच जोडणाऱ्याला दाखवू शकते, बाहेरच्याला त्रोटक उत्तर देते. सुरक्षेसाठी ते बरोबर आहे. अनोळखी माणसाला आपल्या कुलपाची रचना का सांगायची? म्हणून मी सर्व्हरवर बसून त्याच खात्याने लॉगिन केलं, लॉगमधला विंडोजचा त्रुटिक्रमांक घेतला, १९०७, आणि 'नेट हेल्पमेसेज' या आज्ञेला दिला. उत्तर आलं: लॉगिन करण्याआधी पासवर्ड बदलणं आवश्यक आहे. विंडोजमध्ये नवं खातं उघडताना 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा' ही खूण आपोआप लागलेली असते. माणूस संगणकासमोर बसलेला असेल तर त्याला नवा पासवर्ड विचारला जातो. आमच्या एफटीपीत तसं विचारणारं कोणी नाही, म्हणून थेट नकार. या खात्याची खूण काढायची राहिली होती.

ती काढताना आणखी एक सुरुंग सापडला. स्थानिक खात्यांच्या पासवर्डची मुदत विंडोजमध्ये मुळात ४२ दिवस असते, आणि ती कोणी बदललेली नव्हती. त्या रात्री पासवर्ड नव्याने दिले होते, म्हणजे ते दिवाळीनंतर संपले असते आणि आमचं निभावलं असतं. पण पुढच्या वर्षी जुलैअखेर खाती उघडली असती तर ऐन सप्टेंबरात चारही संपादक एकाच दिवशी बाहेर फेकले गेले असते. खाती हंगामापुरतीच असल्याने पासवर्डची मुदत काढली आणि त्याऐवजी खात्यालाच अंतिम तारीख दिली.

रात्री पाऊणला पहिली पीडीएफ चढायला लागली.

लॉगिन होतं, यादी येत नाही

'जाहिरात' साइटचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी हाती घेतलं. एजन्सीच्या माणसाचं लॉगिन व्यवस्थित होत होतं, कुलपाचं चिन्ह येत होतं, आणि फोल्डरची यादी मागितली की सगळं थिजत होतं. वीस सेकंदांनी जोडणी तुटली.

हे लक्षण एफटीपीत इतकं ठरलेलं आहे की ऐकता क्षणी डेटाच्या वाहिनीकडे वळावं. एफटीपी दोन जोडण्या वापरतं. एकीवरून आज्ञा जातात, दुसरीवरून फायली आणि फोल्डरची यादी. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर २२७ या उत्तरात सांगतो की डेटासाठी अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर ये. सहा आकडे असतात: चार पत्त्याचे, दोन पोर्टचे. एजन्सीने पाठवलेल्या संदेशांत ते असे होते: १९२, १६८, १, १०, २०३, १७. पोर्ट काढायचा तर पाचवा आकडा गुणिले २५६ अधिक सहावा. २०३ × २५६ + १७ = ५१९८५. पण पोर्टपर्यंत जायची गरजच नव्हती. पत्ता १९२.१६८.१.१० आहे, प्रेसच्या आतला. मुंबईत बसलेल्या माणसाला सर्व्हर सांगत होता, 'माझ्या आतल्या खोलीत ये'.

मग प्रश्न असा की 'पुस्तकं' साइटही तोच आतला पत्ता सांगत असणार, तर ती इतकी वर्षं कशी चालली? याचं उत्तर मिळेपर्यंत मी काहीच बदललं नाही, आणि त्याबद्दल मला समाधान आहे. बरेच राउटर पोर्ट २१ वरचं एफटीपी संभाषण ऐकत असतात. २२७ चं उत्तर बाहेर जाताना दिसलं की त्यातला आतला पत्ता खोडून बाहेरचा घालतात आणि तो पोर्ट तेवढ्यापुरता उघडतात. प्रेसचा राउटर हे निमूटपणे करत होता. 'जाहिरात' पोर्ट २१२१ वर होती, तिकडे त्याचा कान नव्हता. आणि कान असता तरी उपयोग नव्हता. टीएलएसमुळे संभाषण एन्क्रिप्ट झालेलं, त्याला एक अक्षर कळलं नसतं.

या गोष्टीने तपासही भरकटला होता. तो मुलगा घरून विंडोजच्या कमांड लाइनवरच्या एफटीपीने साइट तपासत होता. ती आज्ञा टीएलएस बोलत नाही आणि पॅसिव्ह पद्धतही वापरत नाही. ती ॲक्टिव्ह पद्धतीने सर्व्हरलाच आपल्याकडे बोलावते, आणि घरच्या राउटरमागे ते बहुधा जमत नाही. म्हणजे साइट ठीक असती तरी त्याला बिघडलेलीच दिसली असती. 'होस्ट' हाताने पाठवायला हीच आज्ञा उत्तम, डेटाची वाहिनी तपासायला निरुपयोगी. उलट्या बाजूने, काही क्लायंट २२७ मध्ये खाजगी पत्ता आला की तो बाजूला ठेवून सर्व्हरचा मूळ पत्ता वापरतात. अशाने तपासलं तर चुकीचा पत्ता लपून राहतो.

दुरुस्ती अशी केली. आयआयएसमध्ये सर्व्हरच्या पातळीवर पॅसिव्ह पोर्टची पट्टी ठरवली, ५०००० ते ५०१००. ती साइटनिहाय देता येत नाही आणि द्यायची गरजही नाही. प्रत्येक डेटा जोडणी पट्टीतला मोकळा पोर्ट उचलते. 'जाहिरात' साइटच्या फायरवॉल सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता भरला. राउटरवर ती पट्टी सर्व्हरकडे वळवली. आणि एफटीपी सेवा रीस्टार्ट केली. साइट थांबवून सुरू करणं पुरत नाही. पोर्टची पट्टी सेवा नव्याने सुरू होतानाच वाचली जाते. पुढच्या प्रयत्नात शेवटचे दोन आकडे १९५ आणि ८० आले. १९५ × २५६ + ८० = ५००००. पट्टीतला पहिलाच पोर्ट. यादी आली.

ठणठणीत साइटही पडली

दिवाळी अंक मशीनवर चढले आणि मग मी मालकांना म्हटलं की 'पुस्तकं' आणि 'दिवाळी' या साइट्सवर अजून पासवर्ड उघडेच जातात. साध्या एफटीपीत वाटेतला कोणीही ते वाचू शकतो. लेखकांचा मजकूर सांभाळायचा म्हणून आपण स्वतःचा सर्व्हर ठेवतो, मग त्याची किल्ली उघड्या पाकिटात का पाठवायची? त्यांना पटलं. एका रविवारी दोन्ही साइट्सवर टीएलएस सक्तीचं केलं.

सोमवारी 'पुस्तकं' बंद. वर्षानुवर्षं न पडलेली साइट. लॉगिन होतं, यादी येत नाही.

कारण आता वाचणाऱ्याच्याही लक्षात आलं असेल. टीएलएस आल्याबरोबर राउटरचा कान बंद झाला, २२७ मधला आतला पत्ता कोणी बदलेना, आणि बाहेरचा पत्ता मी फक्त 'जाहिरात' साइटवर भरला होता. तो प्रत्येक साइटचा वेगळा असतो. चूक माझी होती. यादी न येण्याचं कारण मी आठवडाभरापूर्वीच शोधलं होतं, पण ते 'जाहिरात'चं कारण म्हणून डोक्यात ठेवलं होतं. 'पुस्तकं'ची प्रकृती राउटरच्या टेकूवर उभी आहे हे माहीत असून टेकू काढताना आठवलं नाही. दोन्ही साइट्सवर पत्ता भरला आणि अर्ध्या तासात काम सुरू झालं.

उभ्या रेघेची सोय आम्ही कायम ठेवली नाही. नवा संपादक दरवर्षी तिथेच अडखळणार. वेगळा पोर्ट द्यावा तर काही कार्यालयांतून २१ सोडून बाहेर जाऊ देत नाहीत. प्रेसच्या जोडणीसोबत आणखी स्थिर पत्ते मिळालेले होते आणि ते पडून होते. त्यातला एक घेतला, सर्व्हरला १९२.१६८.१.११ हा दुसरा आतला पत्ता दिला, राउटरवर दोघांची जोडी लावली आणि 'दिवाळी' साइट त्या पत्त्यावर पोर्ट २१ ला बांधली. होस्टनेमचा रकाना रिकामा केला. आता नावामागचा आकडी पत्ताच वेगळा असल्याने क्लायंटने काही सांगायची गरज राहिली नाही. बाहेरचा पत्ता या साइटला नवा भरावा लागला, तो या वेळी विसरलो नाही.

सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावला आहे. प्रत्येक साइटचा क्रमांक, आतला पत्ता, बाहेरचा पत्ता, पोर्ट, टीएलएस, लॉगचं फोल्डर, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'लॉगची वेळ + ५:३० = आपली वेळ'. तो कागद त्या मुलानेच केला. त्यानंतर एका प्रकाशकाकडून "५३४ पॉलिसी रिक्वायर्स एसएसएल" असा निरोप आला तेव्हा त्याने मला फोन केला, पण आधी कोणत्या साइटच्या लॉगमध्ये ओळ आहे ते सांगितलं, पुढचे शब्द पूर्ण वाचले, आणि म्हणाला, "सर, त्यांचा क्लायंट टीएलएसशिवाय येतोय. सेटिंग मी त्यांना सांगितलंय, फक्त तुम्हाला कळवतोय."